हृदयात न शिरता हृदय पाहताना

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन वाचनालयाचे कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा फार तर ग्रामीण कथेवर बोलेन, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले. मराठीच्या अध्यापकाने हृदयाच्या तपासण्यांवर बोलावे, हे त्यांना थोडे चमत्कारिक वाटले असणार. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, हे आधी सांगून टाकतो. वैद्यकाचा अधिकार मला मुळीच नाही. परंतु गेली कित्येक वर्षे गावातील माणसे सायंकाळी हातात पिवळा किंवा पांढरा लखोटा घेऊन माझ्या ओट्यावर येतात. लखोट्यात बेळगावच्या, क्वचित कोल्हापूरच्या किंवा मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातील अहवाल असतो, आणि तो इंग्रजीत असतो. मास्तर कॉलेजात शिकवतात, म्हणजे त्यांना हे वाचता येईल, अशी त्यांची भाबडी समजूत असते. औषधोपचाराविषयी मी एक अक्षर बोलत नाही. शब्दाचा अर्थ सांगणे हा मात्र माझा व्यवसायच आहे, आणि तेवढे मी करतो. त्या निमित्ताने वाचन वाढले, परिचयाच्या डॉक्टरांना प्रश्न विचारता आले, आणि एक गोष्ट मनावर ठसली. शब्द न कळल्याने माणूस विनाकारण घाबरतो, आणि अर्धवट कळल्याने विनाकारण निर्धास्त होतो. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

शब्दांचाच विषय निघाला म्हणून एक विषयांतर. ज्याला आपण काळीज म्हणतो, तो शब्द संस्कृतातील 'कालेय' या शब्दापासून आला, आणि 'कालेय' म्हणजे यकृत. हिंदीत खाटकाकडची 'कलेजी' आजही यकृतच आहे. मराठीने आणि कोंकणीने मात्र तो शब्द उचलून छातीच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवला. थोडक्यात, आपल्या पूर्वजांनाही आत नेमके काय कुठे आहे, याविषयी थोडा संदेहच होता. आणि तो असणारच, कारण जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याची सोयच नव्हती.

ती सोय कशी झाली, याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या वैद्याने एका तरुणीच्या छातीला थेट कान लावण्याचा संकोच वाटून कागदाची सुरळी केली, आणि तिच्यातून हृदयाचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. हाच स्टेथोस्कोपचा उगम. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि हृदयाची निदान सावली तरी दिसू लागली. १९२९ मध्ये फोर्समन या जर्मन तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढून घेतले. त्या काळी त्याची हेटाळणी झाली. १९५६ मध्ये मात्र त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून, खरे म्हणजे अनवधानाने, रंगद्रव्य थेट हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत गेले. रोगी दगावला नाही. उलट ती रोहिणी पडद्यावर स्वच्छ दिसली. आज ज्याला आपण अँजिओग्राफी म्हणतो, तिचा जन्म हा असा झाला.

परंतु या दोन्ही रीती शरीरात शिरून पाहण्याच्या आहेत. त्यांतील धोका आज फार थोडा असला तरी शून्य नाही. आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे शरीरात न शिरता हृदय पाहण्याच्या तपासण्या. परिभाषेत यांना 'अनाक्रमक' असा शब्द कोणी सुचवला, तर मला तो रुचत नाही. त्यात लढाईचा वास येतो. 'बाहेरून पाहणे' हे साधे मराठी पुरेसे आहे.

यांतील सर्वांत परिचयाची तपासणी म्हणजे इको. आपल्याकडे 'इको काढला' असे म्हणतात. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये एडलर हे वैद्य आणि हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी तिचा प्रारंभ केला. त्यांना यंत्र कुठे सापडले? माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात! लोखंडी पत्र्यात कुठे भेग आहे का, हे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने तपासण्याचे ते यंत्र होते. तो ध्वनी आत जातो, आदळून परत येतो, आणि परतीच्या वेळेवरून अंतर कळते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, उपाशी राहणे नाही. छातीला गार लेप लावून, डाव्या कुशीवर निजवून, वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. गरोदर स्त्रीलाही ते निर्धोक आहे.

पुढे त्याला डॉप्लरची जोड मिळाली. ऑस्ट्रियाचे डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व आपण सर्वजण देसूरच्या स्थानकावर अनुभवतो. न थांबणारी गाडी आपल्याकडे येताना शिट्टीचा स्वर चढा लागतो, आणि गाडी पुढे निघून गेली की तोच स्वर एकदम उतरतो. रक्ताचा प्रवाह यंत्राकडे येतो आहे की दूर जातो आहे, हे याच चढउतारावरून कळते. पडद्यावर तांबडा आणि निळा असे रंग दिसतात, त्यांचा अर्थ एवढाच आहे. ते शुद्ध-अशुद्ध रक्ताचे रंग नव्हेत. हे मुद्दाम सांगतो, कारण निळा रंग पाहून रक्त बिघडल्याची हाय खाल्लेल्या एका बाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली होती.

आता त्या लखोट्यातील अहवालाकडे वळू. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझे खरे काम येथेच आहे.

आपल्या गावातील एक वयस्क शेतकरी. आयुष्यभर बासमतीची रोपे लावली. एके दिवशी लखोटा घेऊन आले आणि काही बोलेचनात. शेवटी म्हणाले, "सर, माझं चाळीस टक्के काळीज गेलंय न्हवं?" अहवालात लिहिले होते : एलव्हीईएफ ६० टक्के. त्यांनी शंभरातून साठ वजा केले होते. आठ दिवस ते शेताकडे फिरकले नव्हते आणि जमिनीच्या वाटण्या करण्याची भाषा त्यांनी घरात सुरू केली होती. या आकड्याचा अर्थ असा : हृदयाचा डावा कप्पा भरला, की त्यातले सगळेच रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जात नाही, निरोगी माणसातही साधारण पंचावन्न ते सत्तर टक्केच फेकले जाते. म्हणजे साठ हा आकडा काठावर पास झाल्याचा नाही, तो प्रथम श्रेणीचा आहे. शंभर गुण येथे कोणालाच मिळत नाहीत. हाच आकडा चाळिशीच्या खाली उतरला, तर मात्र हृदयाचा पंप अशक्त झाला आहे असे समजून नियमित उपचार घ्यावे लागतात. त्या काकांना मी एवढे सांगितले, आणि ते उठून चहा न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर दिसले.

असेच आणखी काही शब्द. 'ट्रिव्हियल टीआर' किंवा 'माइल्ड एमआर' म्हणजे झडपेतून रक्ताची किंचित परतगळती. 'ट्रिव्हियल' याचा अर्थच क्षुल्लक. असंख्य धडधाकट माणसांत ती आढळते. 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिस्फंक्शन' हे शब्द तर वाचतानाच धडकी भरते. पण ठोका झाल्यानंतर हृदयाचा स्नायू पूर्वीइतक्या चपळाईने सैल पडत नाही, एवढाच त्याचा आशय. साठी ओलांडलेल्या पुष्कळांच्या अहवालात तो असतो. गुडघे कुरकुरतात, तसेच हे. 'नो आरडब्ल्यूएमए' ही शुभवार्ता आहे : हृदयाची भिंत सर्वत्र सारखी हलते आहे, कुठे मेलेला किंवा उपाशी भाग दिसत नाही. 'नो व्हेजिटेशन' वाचून एका गृहस्थांनी मला मटण बंद करायचे का म्हणून विचारले होते. व्हेजिटेशन म्हणजे झडपेवर जंतूंची झालेली वाढ. ती नाही, असे तेथे म्हटलेले असते. मटणाचा प्रश्न निराळा, आणि तो डॉक्टरांना विचारावा. 'पुअर विंडो' म्हणजे बरगड्या किंवा फुप्फुसे आड आल्याने चित्र नीट मिळाले नाही. त्यात हृदयाचा दोष नाही. मात्र 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच' हे शब्द दिसले तर दुर्लक्ष करू नये. भिंत जाड झाली आहे, आणि बहुधा वाढलेल्या रक्तदाबाशी वर्षानुवर्षे झुंजून ती जाड झाली आहे. ज्यांना आपला रक्तदाब ठाऊकच नाही, अशा कितीतरी लोकांना तो प्रथम या दोन शब्दांतून कळतो.

आणि अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुतेक वेळा एक वाक्य असते, त्याचा भावार्थ असा : हे निष्कर्ष रुग्णाच्या प्रत्यक्ष लक्षणांशी ताडून पाहावेत. मला विचाराल, तर संपूर्ण अहवालात सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. चित्र काढणाऱ्याने चित्र पाहिलेले असते, माणूस पाहिलेला नसतो. माणूस पाहण्याचे काम तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे आहे. म्हणून अहवाल घेऊन परस्पर घरी येऊ नये, त्यांच्याकडे परत जावे.

इकोचा आपल्या भागातील एक मोठा उपयोग मुलांच्या बाबतीत आहे. लहानपणी घसा सुजून ताप येतो, पुढे सांधे धरतात, आणि नंतर कित्येक वर्षांनी झडपा आकसतात. या संधिवाती हृदयविकाराने खेड्यापाड्यांतील किती मुली पहिल्या बाळंतपणात दम लागून अत्यवस्थ झाल्या असतील, याची गणती कुणी ठेवलेली नाही. वेळीच इको झाला आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन नेमाने घेतले, तर झडपांची पुढील हानी पुष्कळ टळते.

आता इकोतून काय दिसत नाही, ते पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक रोहिण्या, ज्यांना डॉक्टर कॉरोनरी म्हणतात, त्यांतील अडथळा नेहमीच्या इकोत दिसत नाही. ज्याला आपण सर्वजण 'ब्लॉकेज' म्हणतो, तो हाच. शेतीचा दाखला देतो. पाटात गाळ साचून पाणी निम्म्यावर आले, तरी पावसाळी हवेत भात हिरवेगार दिसते. ऊन तापले की मग शेवटच्या वाफ्यातील रोपे माना टाकतात. इको भाताचा रंग पाहतो, पाट पाहत नाही. रोगी स्वस्थ निजला असताना काढलेला इको आणि ईसीजी दोन्ही उत्तम, आणि रोहिणी मात्र ऐंशी टक्के भरलेली, असे घडू शकते.

म्हणून ऊन तापवून पाहायचे. टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालण्याची चाचणी, ती याचसाठी. अमेरिकेतील ब्रूस यांनी १९६३ मध्ये आखलेल्या पद्धतीनुसार दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो. आपल्या गडाची चढण जवळच असल्याने आपल्याला ही कल्पना नवी नाही. राजहंसगडावर चढताना ज्याच्या छातीत आवळून येते आणि थांबल्यावर दोन मिनिटांत सुटते, त्याची अर्धी चाचणी तेथेच झालेली असते! परंतु टीएमटीचेही दोन उणेपण आहेत. स्त्रियांमध्ये ती पुष्कळदा नसलेला दोष दाखवते; आणि ती निर्दोष आली तरी रोहिणीत काहीच नाही, असा तिचा अर्थ होत नाही. माझ्या परिचयातील एका प्राथमिक शिक्षकांनी 'टीएमटी निगेटिव्ह' असा कागद पाकिटात जपून ठेवला होता. तीन महिन्यांनी पहाटे छातीत कळ आली, तेव्हा त्या कागदावर विसंबून त्यांनी ओवा-सोडा घेतला आणि उजाडण्याची वाट पाहिली. ते आज आपल्यात नाहीत. त्यांना तो कागद कोणी नीट वाचून दाखवला असता, तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण कळ आल्यावर कागद आठवायचा नसतो, एवढे त्यांच्या कानावर नक्की गेले असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ज्याला सरसकट 'थॅलियम' म्हणतात ती तपासणी. नाव रूढ झाले ते झाले. आज बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम हे द्रव्य वापरतात. शिरेतून अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी औषध देतात आणि ते स्नायूच्या कोणत्या भागात पोचले, याचे चित्र एकदा श्रम करून व एकदा विश्रांतीत घेतात. श्रमात फिकट आणि विश्रांतीत भरलेला दिसणारा भाग उपाशी पण जिवंत असतो. दोन्ही वेळा फिकट राहिला, तर तो बहुधा मेलेला. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, म्हणून भीतीचे कारण नाही. तरी त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे, आणि नातवाला मांडीवर घेण्याची घाई करू नये. या तपासणीआधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. आपल्याकडे ही अट सर्वांत जड जाते, आणि पुष्कळजण 'एकच कप' घेऊन जातात. चालता येत नाही म्हणून ज्यांना इंजेक्शनने श्रमाची स्थिती आणतात, त्यांच्या बाबतीत तो एक कप औषधाचा परिणामच मारून टाकतो आणि दिवस वाया जातो. अणुशक्तीचा असा वैद्यकीय उपयोग आपल्या देशाला नवा नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र १९६३ पासून आहे.

सीटी अँजिओग्राफीविषयी हल्ली सर्वाधिक विचारणा होते. सीटी यंत्र घडवणारे हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत होते, ती कंपनी आपल्या वडीलधाऱ्यांना ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे माहीत होती. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले. धडधडणाऱ्या हृदयाचे स्वच्छ चित्र मिळायला मात्र पुढे तीस-एक वर्षे जावी लागली. येथे रंगद्रव्य हाताच्या साध्या शिरेतून देतात, नळी हृदयापर्यंत जात नाही. हृदय जितके संथ, तितके चित्र स्पष्ट. म्हणून नाडी साठच्या आसपास आणण्यासाठी आधी गोळी देतात. दम्याचा विकार असेल तर तो त्या गोळीपूर्वी सांगायलाच हवा. रंगद्रव्यात आयोडीन असते. पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, तर न विचारता सांगावे. रक्तातील क्रिएटिनिन तपासून मगच पुढे जातात. औषध आत जाताना सर्वांगातून ऊन लाट गेल्यासारखे वाटते. ते स्वाभाविक आहे.

या तपासणीचे बळ नकारात आहे. तिने रोहिण्या स्वच्छ दाखवल्या, तर त्यावर पुष्कळ भरवसा ठेवता येतो. वयस्क माणसात रोहिणीच्या भिंतीवर चुना फार साचलेला असेल, तर मात्र त्याच्या चकाकीने आतला मार्ग झाकोळतो. हा चुना मोजण्याची रीत अगॅट्स्टन यांनी १९९० मध्ये सांगितली, तोच 'कॅल्शियम स्कोअर'. त्यात रंगद्रव्यही लागत नाही. शून्य आकडा उत्तम, चारशेच्या वर गेला तर गंभीर. पण हा आकडा म्हणजे ब्लॉकेजचे टक्के नव्हेत. एकाने साडेचारशे टक्के ब्लॉकेज असल्याचे मला सांगितले होते! आणि निपाणीच्या तंबाखूवर तरुणपणापासून भक्ती असलेल्या पस्तिशीच्या माणसाने शून्यावर फुशारू नये. मऊ साका चुना होण्यापूर्वीच फुटू शकतो.

क्ष-किरणांच्या मात्रेविषयीही सांगायला हवे. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतके किरण मिळतात. छातीच्या साध्या फोटोत ०.१ किंवा त्याहूनही कमी, कॅल्शियम स्कोअरमध्ये सुमारे १, नव्या यंत्रावरील सीटी अँजिओग्राफीत साधारण ३ ते ५, आणि टेक्नेशियमच्या दुहेरी तपासणीत १० च्या आसपास. गरज असेल तेथे एवढ्या मात्रेला घाबरून तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही. आणि हौसेने दरवर्षी करून घेणेही नाही. इको आणि एमआरआय यांत हे किरण नसतात.

एमआरआय आपल्याकडे हृदयासाठी कमी वापरतात. स्नायूवरील व्रण, सूज किंवा स्नायूचा जन्मजात दोष पाहायला मात्र त्याला तोड नाही. तेथे धोका चुंबकाचा. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये रुग्णासोबत आलेला एक तरुण प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला, चुंबकाने ते खेचले, आणि त्याचा मृत्यू झाला. म्हणून घड्याळ, किल्ल्या, मंगळसूत्र, डोक्यातील पिना काढून ठेवण्यास सांगतात, तेव्हा कुरकुर करू नये. आणि पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड दाखवावे, कारण काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, जुने पुष्कळसे चालत नाहीत.

आता जरा गर्दीकडे वळू. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार यांचे अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून निधन झाले. व्यायाम करणारा, सतेज माणूस. साऱ्या कर्नाटकात हृदयाच्या रुग्णालयांपुढे रांगा लागल्या. जून-जुलै २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातील तरुणांच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयापुढे माणसे पहाटेपासून उभी राहिली. पुढे शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, अशा मृत्यूंत अचानक वाढ झाल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष दिला. त्या रांगेतील माणसांना हसण्याचे कारण नाही. भीती खरी होती. पण त्या रांगेमुळे खरोखर छातीत कळ घेऊन आलेला माणूस मागे ढकलला गेला असेल, तर त्याचे काय? काही त्रास नसलेल्या माणसाने प्रथम रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे, तंबाखू सोडावी; या गोष्टी यंत्रापेक्षा अधिक सांगतात आणि फार स्वस्त आहेत. हल्ली 'पॅकेज' म्हणून साड्यांच्या सेलप्रमाणे तपासण्या विकल्या जातात, त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

ब्लॉकेज सापडला म्हणजे लगेच फुगा किंवा शस्त्रक्रिया हवीच, अशीही समजूत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासात भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. आजार स्थिर असलेल्या माणसांत औषधांवर भर देणे आणि सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास करणे, यांत मृत्यू किंवा झटका यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. छातीतील दुखणे मात्र दुसऱ्या मार्गाने अधिक कमी झाले. डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेले आणि नुकताच झटका आलेले रुग्ण त्यात नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसरीकडे स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांची सीटी अँजिओग्राफी झाली त्यांच्यात पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू २.३ टक्के, आणि इतरांत ३.९ टक्के होता. कारण उघड आहे : चित्रात साका दिसल्यावर योग्य माणसांना योग्य औषधे वेळीच सुरू झाली. म्हणजे चित्राने जीव वाचवला तो गोळ्यांच्या द्वारा. पण आपल्याकडे माणूस चित्राला हजारो रुपये मोजतो आणि महिनाभराने गोळ्या बंद करतो, कारण 'आता बरं वाटतंय'. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्या सभासदांपैकी कित्येकांनी वाचले असेल. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसालाही झटक्यानंतर आपले सारे जगणे नव्याने मांडावे लागले, ही त्यातील गोष्ट मला कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाची वाटते.

एक गोष्ट मात्र या सर्वांच्या बाहेरची आहे. छातीत आवळून आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, आणि पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर ती वेळ इको, सीटी किंवा कोणत्याही नियोजित तपासणीची नव्हे. सरळ रुग्णालय गाठावे. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. तेथे पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. एक सुरुवातीला निर्दोष आला तरी पुन्हा काढतात, रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. पुनीत राजकुमार यांच्या नावाने कर्नाटक शासनाने आणलेल्या हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयांतही ईसीजीची आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची विनामूल्य सोय करण्यात आली आहे. आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात ती आहे, याची चौकशी कळ येण्यापूर्वी करून ठेवावी.

राहिला प्रश्न भाषेचा. भाषेसाठी या गावाने काय सोसले, हे जुलै २०१४ पासून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याचा उच्चार मी येथे राजकारण म्हणून करीत नाही. परंतु अहवाल इंग्रजीत, खिडकीवरचा फलक कन्नडमध्ये आणि रुग्ण मराठी, अशा तिठ्यावर आपण उभे आहोत. बेळगावातील पुष्कळ डॉक्टर आणि परिचारिका उत्तम मराठी बोलतात. कन्नडभाषक डॉक्टरांनीही मला नेहमी थांबून समजावले आहे. आपली माणसे विचारत नाहीत, ही खरी अडचण. "साहेब, या तपासणीने काय कळणार? ती केली नाही तर काय बिघडेल? निकाल असा आला तर काय करणार, आणि तसा आला तर काय?" एवढे विचारायला इंग्रजी लागत नाही. निकाल कसाही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर तपासणी थांबू शकते का, असेही नम्रपणे विचारावे. खर्चाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. कर्नाटकाची आयुष्मान योजनाही आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती योजना त्या दिवशी प्रत्यक्ष चालते, आणि तीत तपासणी येते की फक्त शस्त्रक्रिया, हे तपासणीच्या टेबलावर निजण्यापूर्वी विचारून घ्यावे. सोने गहाण ठेवून केलेली तपासणी योजनेत बसत होती, असे नंतर कळलेली दोन कुटुंबे मला ठाऊक आहेत.

अहवाल, ईसीजीच्या पट्ट्या आणि सीटीसोबत मिळणारी तबकडी एकाच फायलीत तारखेवार लावून ठेवावी. ईसीजीचा कागद उष्णतेने पुसट होतो, म्हणून त्याची छायाप्रत काढावी. जुना ईसीजी शेजारी असेल, तर नव्यात काय बदलले ते डॉक्टरांना क्षणात दिसते. वाचनालयाच्या कार्यवाहांशी माझे बोलणे झाले आहे. अहवालांतील नेहमीच्या पन्नास-साठ शब्दांचे साध्या मराठीत अर्थ दिलेली एक वही मी तयार केली आहे, आणि परिचयातील दोन डॉक्टरांनी ती तपासून दिली आहे. उद्यापासून ती वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी ठेवलेली असेल. मागची पाने मी कोरी सोडली आहेत. आपल्या लखोट्यात एखादा नवा शब्द सापडला, तर तो तेथे लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून त्याचा अर्थ भरता येईल.